वाय-फायला ओसरी हवी

नागपुरात फायबरची जोडणी घेतली की कंपनीचा किंवा केबलवाल्याचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडून तार आत घेतो, पांढरा डबा टांगतो, नेटवर्कला घराचे आडनाव आणि पासवर्डला घरमालकाचा मोबाइल नंबर देऊन पुढच्या घरी निघून जातो. राउटरविषयीचे घरातले सगळे निर्णय एवढ्या वेळात झालेले असतात आणि डबा बदलेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. तो पासवर्ड मग वरच्या मजल्यावरच्या किरायदाराकडे जातो, शिकवणीला येणाऱ्या मुलांकडे जातो, कॅमेरे बसवणाऱ्याकडे, टीव्हीत, एसीत, दिवाळीला आलेल्या भाच्यांच्या फोनमध्ये जातो, आणि तिथून पुढे कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाचा एक पर्याय असतो. तो पाहुण्यांसाठी आहे आणि पाहुणे काही रोज येत नाहीत, अशा समजुतीने बहुतेक घरांत तो बंदच राहतो. या लेखाचे म्हणणे नेमके उलट आहे. पाहुण्यांचे नेटवर्क हेच घरातले मोठे, रोजचे नेटवर्क असावे; आज आपण ज्याला मुख्य म्हणतो ते मोजक्या उपकरणांपुरते लहान असावे. पासवर्ड, एन्क्रिप्शन, चॅनेल यांचे निर्णय महत्त्वाचे असले तरी सोपे आहेत. कोण कुठे जोडलेले असावे हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तोच विचारायचा राहून जातो.

सोप्या गोष्टी आधी उरकू. डब्ल्यूपीए २ ही पद्धत २००४ साली आली आणि आजही घरोघरी तीच दिसते. तिच्यात फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती गल्लीत उभे राहून टिपता येते आणि मग राउटरला अजिबात न छेडता, दूर कुठेतरी बसून, पासवर्डचे अंदाज त्या नोंदीवर ताडून पाहता येतात. असे किती अंदाज करावे लागतील यावर सारी सुरक्षितता अवलंबून. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे; म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो खरा, पण गेम खेळणाऱ्यांसाठी विकले जाणारे एखादे ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासते. ४०० कोटींना दहा लाखांनी भागले की ४,००० सेकंद उरतात, म्हणजे तास-सव्वा तास. तेवढे तरी कष्ट कशाला, तो नंबर गेटवरच्या ‘किरायाने देणे आहे’ या पाटीवरच लिहिलेला असतो. आडनावापुढे १२३ जोडण्याची तऱ्हा याहून वाईट. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर लक्षात राहायला सोपे आणि फोडायला अशक्यप्राय होतात. या पद्धतीत पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, ही सवलत कोणी वापरतच नाही. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय २०११ च्या अखेरीस उघडी पडली: पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरूनच ठरतो, त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी केवळ ११,००० उरतात. ती सोय बंद करावी. २०१८ साली जाहीर झालेली डब्ल्यूपीए ३ पद्धत डब्यात असेल तर निवडावी, कारण तिच्यात टिपलेल्या नोंदीवर घरी बसून अंदाज चालवता येत नाहीत. जुना टीव्ही अडून बसला तर २ आणि ३ यांची मिश्र निवड करावी. नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांचेच क्रमांक आत घेणे, हे दोन उपाय मात्र सोडून द्यावेत. लपवलेले नाव साध्या साधनाने दिसते, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन स्वतःच आपला क्रमांक बदलून सांगू लागले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. वायरलेस नेटवर्क कोणाच्या हाती आहे हा प्रश्न महाराष्ट्रात फार लवकर आणि फार भयंकर रीतीने विचारला गेला. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि घरोघरी राउटर बसू लागले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचे वाय-फाय असुरक्षित होते आणि ते बाहेरून कोणीतरी वापरले होते. पुढच्या महिन्यातला असाच ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला. तिन्ही ठिकाणच्या जोडणीधारकांचा कटाशी संबंध नव्हता. चौकशीचा फेरा मात्र त्यांच्याच दारी आला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत रस्त्यांवरून फिरू लागले आणि २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना सूचना काढल्या: ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित असले पाहिजे, सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, नोंदी ठेवल्या पाहिजेत. नागपूर रेल्वे स्थानकावर रेलवायरचे फुकट वाय-फाय वापरताना आधी मोबाइल नंबर आणि मग आलेला ओटीपी टाकावा लागतो, त्याचे मूळ या घटनांत आहे.

स्थानकावर जी विचारपूस होते ती घरात होत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. घरातल्या पंधरा उपकरणांची रहदारी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून येताना दिसते. हल्ली अनेक कंपन्या एकच आयपी पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, पण त्यांच्या नोंदींतून माग शेवटी एका जोडणीपर्यंत पोहोचतो आणि ती जोडणी एका माणसाच्या नावावर असते. त्या जोडणीच्या आत कोणता फोन होता हे फक्त राउटरला ठाऊक असते. घरगुती राउटरची ही नोंद तोकडी असते आणि डबा बंद-चालू केला की बहुधा पुसली जाते. शेजाऱ्याने परवानगीविना नेटवर्कमध्ये शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसते आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ज्याला तुम्ही स्वतः पासवर्ड दिला तो परवानगीनेच आत आला आहे. जर्मनीत या जबाबदारीवरून बराच खल झाला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ मे २०१० रोजी असा निकाल दिला की वाय-फाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्या घरमालकाला दुसऱ्याने केलेल्या स्वामित्वहक्कभंगाबद्दल नोटिशीचा खर्च सोसावा लागू शकतो. २०१७ मध्ये संसदेने कायदा बदलून हा भार बराच हलका केला. आपल्याकडे मध्यस्थांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण आहे, पण ते योग्य ती खबरदारी घेणाऱ्यांसाठी आहे. पासवर्ड वाटत सुटलेल्या गृहस्थाने त्या आडोशावर विसंबून राहू नये.

इथे गेस्ट नेटवर्कविषयीचा सर्वात मोठा गैरसमज दूर करायला हवा. त्याने ही जबाबदारी टळत नाही. पाहुणा दुसऱ्या नावाच्या नेटवर्कवर असला तरी बाहेर त्याचा पत्ता तुमचाच दिसतो. मग ते करते काय? ते पाहुण्याला इंटरनेटपर्यंत जाऊ देते आणि तुमच्या संगणकापर्यंत, प्रिंटरपर्यंत, साठवणीच्या डिस्कपर्यंत आणि राउटरच्या सेटिंग्जच्या पानापर्यंत जाऊ देत नाही. शिवाय त्याचा पासवर्ड वेगळा असल्याने तो दर महिन्याला बदलला तरी घरातल्या कामाच्या उपकरणांना पुन्हा जोडत बसावे लागत नाही. हा दुसरा फायदा किरकोळ वाटतो, पण व्यवहारात तोच मोलाचा ठरतो. एकच पासवर्ड सगळीकडे असला की तो बदलणे म्हणजे टीव्ही, एसी, कॅमेरे, प्रिंटर सगळ्यांची फेरी. म्हणून कोणी बदलत नाही, आणि न बदललेला पासवर्ड दोन वर्षांत अर्ध्या ले-आउटला ठाऊक होतो. डब्ल्यूपीए २ मध्ये आणखी एक मेख आहे. सामायिक पासवर्ड माहीत असलेला माणूस त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्याची जोडणीची देवाणघेवाण टिपू शकला, तर त्याची हवेतली रहदारी उलगडू शकतो. बँकांची संकेतस्थळे आणि अ‍ॅप स्वतंत्रपणे कूटबद्ध असल्याने पैशाला थेट धोका कमी. तरी कोण कोणत्या संकेतस्थळावर गेले एवढे कळणेही पुष्कळ झाले.

पण गेस्ट नेटवर्क मोठे का असावे, याचे खरे कारण माणसांत नसून उपकरणांत आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला कोणतीही चतुराई करावी लागली नाही. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याच्याजवळ होत्या आणि मालकांनी त्या बदललेल्या नव्हत्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या झुंडीने डाइन या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास लंगडल्या. जुलै २०१७ मध्ये भारतात बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अशाच प्रकारे मोठ्या संख्येने निकामी झाले. नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ हे त्यामागचे कारण होते आणि तो बदला असे आवाहन बीएसएनएलला करावे लागले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशा सरसकट पासवर्डांची उपकरणे विकायला मनाई केली. आपल्या सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणीची अट एप्रिल २०२५ पासून लागू केली. चांगलेच झाले, पण त्याआधी बसवलेले कॅमेरे नागपूरच्या घराघरांच्या छज्ज्याखाली अजून आहेत आणि बसवणाऱ्याने दिलेला पासवर्डही. टीव्ही अद्ययावत होणे काही वर्षांनी थांबते, बल्बचा कारखानदार गायब होतो. ही उपकरणे वाईट आहेत असे नाही. त्यांची काळजी घेणारे कोणी उरत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना सांगितले की तुमचा फ्रिज आणि तुमचा लॅपटॉप एका नेटवर्कवर असू नयेत. तिथल्या एनएसएनेही फेब्रुवारी २०२३ च्या घरगुती मार्गदर्शिकेत मुख्य, पाहुण्यांचे आणि उपकरणांचे जाळे वेगळे करायला सांगितले. म्हणजे टीव्ही हाही पाहुणाच, फक्त मुक्काम लांबलेला.

मुख्य नेटवर्कवर मग राहते कोण? ज्यांचा शेजाऱ्यावर विश्वास असतो ते, म्हणजे एकाच नेटवर्कवर आहे म्हणून दुसऱ्याला दार उघडणारे. घरचा संगणक आणि त्यावरचे सामायिक फोल्डर, प्रिंटर, फोटो-कागदपत्रांची डिस्क, आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्याचा लॅपटॉप. घरच्यांचे फोन कुठेही चालतील. ते दिवसभर मोबाइल डेटावर, ऑफिसात, हॉटेलात वावरत असतात आणि अनोळखी नेटवर्कवर टिकण्याच्या तयारीनेच बनलेले असतात. फोनमध्ये यूपीआय आहे म्हणून तो सगळ्यात आतल्या नेटवर्कवर हवा, हा आग्रह तर्काला धरून नाही. यूपीआयचे पैसे जातात ते फसव्या फोनकॉलमुळे आणि लिंकमुळे. अशी फसवणूक झाली तर १९३० वर लगेच तक्रार करावी, राउटरची कोणतीही सेटिंग तिथे उपयोगी पडणार नाही.

सेटिंग्जच्या पानावर मात्र सावध राहावे लागते, कारण डब्यांची भाषा सारखी नसते. बाजारातून विकत घेतलेल्या राउटरमध्ये ‘गेस्ट’ असा स्पष्ट पर्याय असतो. सेवा पुरवठादाराने दिलेल्या फायबरच्या डब्यात बऱ्याचदा फक्त एसएसआयडी १, २, ३, ४ अशा ओळी दिसतात. दुसरी ओळ सुरू करून तिला ‘पाहुणे’ नाव दिले की काम झाले असे वाटते, पण नुसते दुसरे नाव म्हणजे त्याच दालनाला दुसरे दार. अलगीकरणाची खूण वेगळी करावी लागते आणि तिचेही दोन प्रकार आहेत. एक, त्या नेटवर्कवरची उपकरणे आपापसांत बोलू शकणार नाहीत. दुसरा, त्या नेटवर्कवरून मुख्य नेटवर्ककडे जाता येणार नाही. आपल्याला दुसरा हवाच आहे, किरायदार किंवा विद्यार्थी असतील तर पहिलाही. खात्री करण्याची युक्ती साधी आहे: फोन गेस्ट नेटवर्कला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ आणि जिओच्या डब्यात १९२.१६८.२९.१. लॉगिनचे पान उघडले तर भिंत अपुरी आहे. आणखी तीन ठिकाणी ही भिंत नकळत पडते. स्वस्त रिपीटर मुख्य नेटवर्क उचलून पुढे फेकतो, त्याला पाहुण्यांचे काही ठाऊक नसते. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावला की त्याचे अलगीकरण बऱ्याचदा पोकळ ठरते. आणि गेस्टची सेटिंग फक्त वायरलेसला लागू होते; कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तारेने डब्याला जोडलेला असेल, आणि तो बहुधा तसाच असतो, तर तो थेट मुख्य नेटवर्कवर बसलेला आहे.

या अडचणींवर एक जुनाच उपाय चांगला आहे, आणि नागपूरच्या महाल भागातले वाडे ज्यांनी पाहिले त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही: बाहेर ओसरी, आत माजघर. कंपनीचा डबा ही ओसरी. त्याचे वाय-फाय पाहुणे, किरायदार, टीव्ही, कॅमेरे यांना द्यावे. रेकॉर्डरची तारही त्यालाच. त्या डब्यातून एक तार आपल्या स्वतःच्या राउटरच्या इंटरनेटच्या खोबणीत न्यावी आणि त्या राउटरचे वाय-फाय माजघरासाठी ठेवावे. आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही. कंपनीचा माणूस दुरून आपल्या डब्यात बदल करू शकतो, त्यालाही माजघरात प्रवेश उरत नाही. दोन राउटर एकामागे एक आल्याने काही ऑनलाइन खेळांना आणि बाहेरून घरात जोडून घेणाऱ्या सोयींना त्रास होतो. ज्यांना त्या लागतात त्यांनी गेस्ट पर्याय नीट चालवणारा एकच चांगला राउटर घ्यावा.

जागा आणि चॅनेल यांच्याबद्दल नागपूरचे म्हणून थोडे सांगण्यासारखे आहे. घरगुती राउटर शून्य ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे आणि मे महिन्यात ४० च्या वर पारा जवळपास रोजच जातो. गच्चीलगतच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, बंद शोकेसमध्ये ठेवलेला डबा दुपारी धीमा झाला तर दोष कंपनीला देण्याआधी त्याला हात लावून पाहावे. खिडकीतला कूलर हा दुसरा अडथळा: पत्र्याची पेटी लहरी परतवते, ओल्या ताट्या आणि टाकीतले पाणी त्या शोषतात. हिवाळ्यात अंगणापर्यंत पोहोचणारे वाय-फाय उन्हाळ्यात त्या बाजूला कमी पडते ते यामुळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. दाट वस्तीत त्यातला कमी गर्दीचा निवडावा आणि पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, वेगाची कामे तिथे न्यावीत. टीव्ही, कॅमेरे, बल्ब २.४ वर आणि कामाचे संगणक ५ वर, ही वाटणी आपल्या ओसरी-माजघराशीही जुळते.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यातला पहिला शिष्टाचाराचा. घरी आलेल्याला वेगळे वाय-फाय देणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे अनेकांना वाटते. पण गेस्ट नेटवर्क हे पाहुण्याच्या चारित्र्याविषयी काही म्हणत नाही. त्याच्या फोनमध्ये काय शिरले आहे हे त्यालाही माहीत नसते. उलट सोय वाढते. नेटवर्कच्या तपशिलाचा क्यूआर कोड छापून बैठकीत लावला की कॅमेरा रोखून जोडता येते, अप्पर केस-लोअर केस सांगत बसावे लागत नाही. मुख्य पासवर्ड अशा रीतीने भिंतीवर लावण्याचे धाडस कोणी करणार नाही. गेस्टचा लावता येतो, हाच खरा पाहुणचार. दुसरा आक्षेप असा की जिओ आल्यापासून प्रत्येकाजवळ स्वतःचा डेटा असतो, पाहुण्यांना वाय-फाय लागतेच कुठे. हे बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच गेस्ट नेटवर्कचे समर्थन पाहुण्यांवर उभे करू नये, उपकरणांवर आणि किरायदारांवर करावे. तिसरा, वेग कमी होईल. प्रत्येक नेटवर्क आपले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा जाहीर करते आणि त्यात थोडी हवा खर्ची पडते; आठ-दहा नावे चालवली तर फरक जाणवेल, एका जादा नावाने नाही. चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे: फोन एका नेटवर्कवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला की फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकता येत नाही. खरे आहे. तेव्हा फोन टीव्हीच्याच नेटवर्कवर ठेवावा, वर म्हटल्याप्रमाणे त्यात मोठे नुकसान नाही. आणि उपकरणांचे आपापसांतले बोलणे बंद केले असेल तर टीव्हीतले अ‍ॅप रिमोटने चालवावे. आजोबांना हे जमणार नाही असे कोणी म्हणेल, पण आजोबा रिमोटच वापरतात, अडते ते नातवाचे.

किरायदारांचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे, कारण तिथे पाहुणा वर्षानुवर्षे राहतो. खाली घरमालक आणि वर किरायदार ही नागपूरच्या ले-आउटांतली नित्याची रचना. विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरांत एका जोडणीवर दहा-बारा मुले असतात. वाय-फाय किरायात धरलेले असते, आणि मालकाला वाटते की आपण एक सोय देतो आहोत. प्रत्यक्षात त्याने आपले नाव आणि पत्ता दहा अनोळखी लोकांना ऑनलाइन वापरायला दिलेला असतो. गेस्ट नेटवर्क इथे मालकाचे संगणक वाचवते, नाव वाचवत नाही. शिवाय सेवा पुरवठादारांच्या अटींत घरगुती जोडणी पुढे विकायला सहसा मनाई असते. पैसे घेऊन वाय-फाय द्यायचेच असेल तर केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना त्यासाठी आहे. तिच्यात लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय चालवता येते आणि वापरणाऱ्याची ओळख यंत्रणेत नोंदली जाते. एक-दोन किरायदार असतील तर एवढा खटाटोप नको. त्यांनी आपल्या नावाची जोडणी घ्यावी हे सर्वात स्वच्छ. जिओने २०२० साली ३९९ रुपयांची योजना आणल्यापासून ही गोष्ट कुटुंबांच्या आवाक्यात आहे. विद्यार्थ्यांच्या घरात वेगळी जोडणी, प्रत्येकाची लेखी नोंद, आणि खोली रिकामी झाली की त्याच दिवशी पासवर्ड बदल, इतके तरी मालकाने करावे. पोलिसांना किरायदाराची माहिती देतो तसा हाही घर किरायाने देण्याच्या कामाचा भाग आहे.

राउटर बनवणाऱ्यांकडून आणि जोडणाऱ्यांकडून थोडी अपेक्षा करायला जागा आहे. डबा बसवतानाच दोन नेटवर्क सुरू करून देणे आणि सेटिंग्जच्या पानाचा पासवर्ड ग्राहकासमोर बदलून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. तोवर ते ग्राहकालाच मागावे लागेल. पुढच्या वेळी जोडणीचा माणूस घरी येईल तेव्हा त्याला मोबाइल नंबर सांगू नका; दुसरे नेटवर्क सुरू करून, अलगीकरणाची खूण करून, टीव्ही आणि कॅमेरे त्यावर जोडून दे, एवढे म्हणा आणि तो जाण्याआधी गेस्टवरून राउटरचे पान उघडते का ते तपासा.